झोपलेल्याला उठवू नका

मंडळी, या वीकांताला जरा भांडायचंय. 'जंतू मेला की प्रश्न मिटला' असं मानणाऱ्या आपल्याच जमातीशी. पोट बिघडलंय, उद्या रिलीज आहे? मग केमिस्टकडून दोन सिप्रोफ्लॉक्सासिन घ्यायच्या आणि दुपारी मीटिंगला हजर! डॉक्टरला कोण विचारतो? या मर्दुमकीमागे एक भाबडी समजूत आहे: जिवाणू म्हणजे एकटादुकटा शत्रू. अहो, त्याच्या पोटात बरेचदा एक भाडेकरू असतो.

जिवाणूंनाही विषाणू लागतात. त्यांना म्हणतात फाज. काही फाज पेशीत शिरतात, आपल्या प्रती काढतात आणि पेशी फोडून पसार होतात. काही मात्र राहून जातात. इंग्रजीतल्या 'टेम्परेट'चं शब्दशः 'समशीतोष्ण विषाणू' केलं तर हवामान खातं आठवेल, म्हणून मी त्यांना 'मुक्कामी' म्हणतो.

यातला नमुनेदार म्हणजे ई. कोलायमधला लॅम्डा. त्याची नोंद एस्थर लेडरबर्ग यांनी 1951 साली केली. जिवाणूच्या अंगावर माल्टोज साखर आत घेणारं एक दार असतं, त्यालाच हा चिकटतो आणि आपला डीएनए आत सोडतो. मग निर्णय: फोडायचं की राहायचं? पेशी उपाशी असेल, किंवा एकाच पेशीत अनेक लॅम्डा घुसले असतील, तर कल राहण्याकडे. राहायचं ठरलं की इंटिग्रेज नावाचं एन्झाइम त्याचा डीएनए जिवाणूच्या डीएनएमध्ये ठरलेल्या जागी जोडून टाकतं. 'सीआय' नावाचं प्रथिन त्याची जवळजवळ सगळी जनुकं गप्प ठेवतं. पेशी दुभंगली की भाडेकरूचीही कॉपी होते, फुकटात! आपल्या भाषेत सांगायचं तर कोड मर्ज झालाय, फक्त फ्लॅग बंद आहे.

आता गंमत बघा. पेशीच्या डीएनएला इजा झाली की तो फ्लॅग चालू होतो. सीआय तुटतं, लॅम्डा जागा होतो आणि शंभरेक पोरं घेऊन पेशी फोडतो. बुडत्या जहाजावर कोण थांबणार? आंद्रे ल्वॉफ यांनी 1950 च्या सुमारास अतिनील किरणांनी असे फाज उठवून दाखवले होते. आणि सिप्रोफ्लॉक्सासिन काय करतं? जिवाणूच्या डीएनएलाच इजा. लागली लिंक?

उठला तर उठला, आपलं काय जातंय? जातंय. घटसर्पाचं विष फाजच्या जनुकातून येतं. कॉलऱ्याचं विष 1959 साली कलकत्त्यात शंभूनाथ डे यांनी दाखवून दिलं. त्याची जनुकंही फाजचीच, हे 1996 साली वॉल्डर आणि मेकॅलॅनोस यांनी सिद्ध केलं. काही ई. कोलाय 'शिगा' विष बनवतात, जे किडनी निकामी करू शकतं. त्याची जनुकं लॅम्डाच्या भावकीतल्या फाजवर असतात आणि फाज जागा झाला की जोरात चालू होतात. म्हणजे गोळीने जंतू मरतो, पण मरताना विष ओतून जातो! 2011 साली जर्मनीत असा फाज मिळालेल्या ई. कोलायने 50 हून जास्त माणसं मेली.

'प्रत्येक जुलाबात हा थोडाच असतो?' नसतोच. पण तुमच्या जुलाबात आहे की नाही हे केमिस्टच्या काउंटरवर कसं कळणार? माझा अँटिबायोटिक्सना विरोध नाही. कॉलऱ्यात ती उपयोगी पडतात, शिगावाल्या ई. कोलायमध्ये डॉक्टर ती सहसा टाळतात. हा फरक करायलाच डॉक्टर असतो, राव! तोवर ओआरएस प्या. शौचातून रक्त पडलं तर मीटिंग गेली खड्ड्यात, आधी दवाखाना गाठा.

प्रॉडक्शनवर लॉग न बघता कोणी प्रोसेस किल करायला लागला तर आपण त्याचा अॅक्सेस काढून घेतो. स्वतःच्या आतड्याला तेवढी तरी इज्जत द्या.