हद्दीबाहेरची आई

मूल आईकडे राहील असा निकाल लागला की आपल्याकडची मंडळी म्हणतात, "चला, बाई एकदाची सुटली!" सुटली कसली? त्या दिवसापासून तिच्या पायात हद्दीची बेडी पडते. 'ताबा' हा शब्दच पाहा ना. शेताचा ताबा, गाळ्याचा ताबा, तसा पोराचा ताबा. आणि जमीन काही जागची हलत नाही, तेव्हा ताबा घेणाऱ्या बाईनेही हलू नये!

ही बेडी जुनी आहे. न्यायालयाने नेमलेल्या पालकाला, काही ठरावीक कारणे सोडली तर, परवानगीवाचून पाल्याला त्या न्यायालयाच्या क्षेत्राबाहेर नेता येत नाही, असे 1890 सालच्या पालक व पाल्य कायद्याचे 26 वे कलम सांगते. घटस्फोटाच्या निकालातही अनेकदा तशीच अट असते. आमच्याकडे क्षेत्र म्हणजे जिल्हा. आता कर्जतकरांनी गंमत पाहावी. नेरळपुढचे शेलू रायगडात, आणि लगेच पुढचे स्टेशन वांगणी ठाणे जिल्ह्यात. वांगणीला खोली घ्यायची तर परवानगी हवी. पोराला थेट महाबळेश्वरच्या पायथ्याशी पोलादपूरला नेऊन ठेवले तर हे कलम हूं की चूं करणार नाही! परवानगी तरी कोठे मिळते? जिल्हा न्यायालय अलिबागला. म्हणजे कर्जतहून खोपोलीची लोकल, पुढे पेणवरून एस.टी. आणि प्रत्येक तारखेला एक दिवसाची मजुरी बुडीत.

मी मास्तर आहे, वकील नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपुरतेच. परंतु माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या आईला बडोद्यास नोकरी लागली होती, भाऊही तेथेच. 1960 च्या 30 एप्रिलपर्यंत कर्जत आणि बडोदे एकाच राज्यात होते. आज ते परराज्य! निकालाची प्रत हातात घेऊन ती शाळा सोडल्याचा दाखला मागायला आली, तर कचेरीतून उत्तर मिळाले, "वडिलांची सही आणा." वडील सही देईनात. अलिबागच्या तारखा पडत राहिल्या, नोकरी दुसऱ्या कोणाला गेली. आज ती बाई एका फार्महाऊसवर स्वयंपाक करते.

बापाच्या सहीचे हे वेड शाळेपुरते नाही. लेखिका गीता हरिहरन यांनी 1984 साली मुलाच्या नावे रोखे मागितले, तेव्हा रिझर्व्ह बँकेने त्यांनाही बापाची सही मागितली. बाप हयात असूनही आई नैसर्गिक पालक ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगायला 1999 साल उजाडले. ते आमच्या कचेरीपर्यंत अजून पोचायचे आहे.

बापाचे काय, असे कोणी विचारील. विचारावेच. भेटीच्या शनिवारी खाऊचा पुडा घेऊन फाटकाशी उभे राहणारे बाप मी पाहिले आहेत. त्यांच्यावर अन्याय व्हावा असे कोण म्हणतो? पण कारखाना बंद पडला म्हणून बाप वापीला किंवा दुबईला जातो, तेव्हा त्याला कोणी परवानगी विचारीत नाही. पोटासाठी गेला बिचारा, म्हणतात. आणि हीच बाई लग्न होऊन माहेर सोडून आली, तेव्हा तिची हद्द कोणी मोजली होती?

न्यायालयांना हे उमगत नाही असे नव्हे. 2010 साली सर्वोच्च न्यायालयाने एका लहान मुलाशी स्वतः बोलून त्याला आईबरोबर ऑस्ट्रेलियाला जाऊ दिले. 2022 च्या जुलैमध्ये पुण्याच्या एका आईला नऊ वर्षांच्या मुलीसह पोलंडला जाण्याची परवानगी मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. भारती डांगरे यांनी दिली. खालच्या न्यायालयाने ती नाकारली होती. बापाला सुट्ट्यांत मुलीचा सहवास मिळावा अशीही व्यवस्था केली. हीच खरी वाट. दर शनिवारच्या दोन घडींऐवजी अख्खी उन्हाळ्याची सुट्टी बापाला द्यावी, गाडीभाडे दोघांनी वाटून घ्यावे. पण पोलंडची नोकरी असणारी बाई उच्च न्यायालयापर्यंत जाऊ शकते. खालापूरच्या बाईने काय करावे?

माझे मागणे लहान आहे. जिच्याकडे मूल सोपवले, तिच्या सहीवर शाळेने दाखला द्यावा. अर्ज एप्रिलात आला तर त्याचा निकाल मेअखेर लागावा. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, आणि बडोद्याची नोकरी तर तेवढीही थांबत नाही.