मेलेल्या माकडाची दखल घ्या

१९५७ मध्ये शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात माकडे पटापट मरू लागली, पाठोपाठ माणसे तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने गोचिडीतून पसरणारा नवा विषाणू शोधून काढला. तोच माकडताप पुढे गोव्यातल्या सत्तरीत, सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात पोचला. काजूबागेत वाकून बिया वेचणाऱ्या बाईच्या पायाला चिकटणारे गोचिडीचे पिल्लू टाचणीच्या टोकाएवढे. ते दिसणार कसे? जुनी लस निष्प्रभ ठरली, नवीवर काम सुरू आहे. तोवर जंगलात मेलेले माकड हाच पहिला इशारा. ते सापडताच वनरक्षक, पशुवैद्य आणि आरोग्यसेवक त्याच दिवशी एकत्र पोचले पाहिजेत. काजूच्या हंगामात नमुन्यांची तपासणी आणि गोचीडरोधक तेलाचे वाटप, दोन्हींत खंड पडता कामा नये.