ताप उतरला म्हणजे रोग गेला काय?

न्युमोनियाच्या रोग्याचा ताप गोळ्यांनीं दोन दिवसांत उतरला कीं घरांतील मंडळी निश्चिंत होतात, उरलेल्या गोळ्या फडताळांत जातात, आणि चारसहा दिवसांनीं ताप उलटून आला म्हणजे दोष औषधास, डॉक्टरास किंवा दैवास दिला जातो. हा अनुभव आजचा नाहीं. जंतुविरोधी औषधांच्या उदयापासून तो वैद्यकाच्या दप्तरीं नोंदलेला आहे. परंतु आमच्या शहरवासीयांनीं व औषधविक्रेत्यांनीं त्यापासून घ्यावयाचा बोध अद्याप घेतलेला दिसत नाहीं, म्हणून हा विषय आम्ही हातीं घेत आहों.

सन १९३५ मध्यें जर्मनींतील डोमाक यांनीं प्रॉन्टोसिल ह्या तांबड्या रंगद्रव्याचा गुण प्रसिद्ध केला. पुढें इंग्लंडांतील मे अँड बेकर कंपनीनें सल्फापायरिडीन तयार केलें, तेंच ‘एम. अँड बी. ६९३’. १९३८ सालीं बर्मिंगहॅम येथें ईव्हान्स व गेसफोर्ड ह्या डॉक्टरांनीं न्युमोनियाच्या २०० रोग्यांचा ताळा मांडला. ज्या १०० जणांस हें औषध दिलें त्यांतील ८ दगावले. ज्या १०० जणांस दिलें नाहीं त्यांतील २७. व्यापाऱ्यांस याहून स्पष्ट जमाखर्च कोणता हवा? १९४३ च्या डिसेंबरांत चर्चिलसाहेब ट्युनिसियांत न्युमोनियानें पडले तेव्हां त्यांस सल्फा औषध दिलें गेलें व ते उठले. त्याच सालीं बंगालांत लाखों माणसें अन्नावांचून व औषधावांचून मेलीं, हेंहि येथें नमूद करून ठेवतों.

ह्या औषधापूर्वीं न्युमोनियाचा ताप आठवडाभर चढता राही आणि रोगी वांचावयाचा असेल तर घाम सुटून एकाएकीं उतरे. तोंपर्यंत शरीरानें आपलें प्रतिद्रव्य तयार केलेलें असे, म्हणून असा उतरलेला ताप सहसा परतत नसे. सल्फापायरिडीननें तो एकदोन दिवसांतच उतरूं लागला. पण हें औषध जंतूंची वाढ मात्र थोपवितें, त्यांचा निकाल लावण्याचें काम शरीरासच करावें लागतें. शिवाय ह्या गोळ्यांनीं ओकाऱ्या इतक्या येत कीं ताप जातांच रोगी त्या टाकावयास उत्सुकच असे. गोळ्या लवकर थांबल्या कीं जंतू जिवंत आणि शरीराची तयारी अपुरी, अशी स्थिति होई. आमच्या वकिली भाषेंत सांगावयाचें तर रोग जामिनावर सुटे आणि घरचे लोक खटला निकालांत निघाला असें समजत.

तथापि परतलेला प्रत्येक ताप अपुऱ्या औषधाचाच असतो असेंहि नाहीं, आणि खरी अडचण येथेंच आहे. कधीं फुप्फुसाभोंवतीं पू सांचतो; पुवांत सल्फा औषधांचें कांहीं चालत नाहीं, तो बाहेरच काढावा लागतो. कधीं जंतूच औषधास सरावलेला असतो; न्युमोनियाचे जंतू एम. अँड बी. ६९३ ला सरावूं शकतात हें लंडनांत फ्लेमिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९३९ सालींच दाखविलें होतें. आणि कधीं ताप खुद्द औषधाचाच असतो! औषध सुरू झाल्यावर आठवड्याच्या सुमारास, बरा होत असलेला रोगी पुन्हा तापतो, अंगावर पुरळ उठतें. अशा वेळीं गोळ्या बंद करावयाच्या असतात. त्या वाढविल्यास रक्तांतील पांढऱ्या पेशी नाहींशा होऊन प्राणावर बेतूं शकतें. थर्मामीटरवरील आंकडा एकच. परंतु एकास औषध चालू ठेवणें हा उपाय, दुसऱ्यास तें तात्काळ थांबविणें, तिसऱ्यास शस्त्र. हा निवाडा दुकानाच्या फळीवर बसलेल्या पोऱ्यानें करावयाचा काय?

न्युमोनियासाठीं सल्फापायरिडीन आतां कोणी देत नाहीं. पेनिसिलीन आलें, १९५४ सालीं आपल्या पिंपरीस सरकारी कारखाना निघाला, आणि जें पूर्वीं परदेशांतून येई तें स्वदेशांत होऊं लागलें, याचा आम्हांस अभिमान आहे. पण नव्या औषधांसहि वरील सर्व न्याय लागू आहे. किती दिवस घ्यावयाचें हें शास्त्रहि बदलत आलें आहे. साध्या न्युमोनियांत रोगी सुधारत असल्यास आज पांच दिवसहि पुरे मानले जातात. तेव्हां गोळ्या जितक्या अधिक तितकें बरें, हा समजहि चुकीचाच.

कायदा नाहीं असें कोणीं म्हणूं नये. १९४० चा औषध कायदा आहे, आणि २०१३ सालीं आलेल्या ‘एच-१’ ह्या परिशिष्टांतील औषधांची विक्री चिठ्ठीवांचून करतां येत नाहीं. रोग्याचें व डॉक्टराचें नांव वेगळ्या वहींत लिहून ती वही तीन वर्षें जपावी लागते. डॉक्टराची फी गरिबास जड जाते, हा आक्षेप खरा आहे व तो आम्ही टाळूं इच्छीत नाहीं. त्याचें उत्तर नगरपालिकांनीं द्यावयाचें आहे, आपले दवाखाने मजूर व दुकाननोकर मोकळे होतात त्या सायंकाळच्या वेळीं उघडे ठेवून. औषधव्यापारी संघांनीं आपल्या सभासदांच्या वह्या सरकारी निरीक्षक येण्यापूर्वीं आपणच तपासाव्यात. आणि रोग्याच्या घरच्यांनीं पहिल्याच दिवशीं डॉक्टरांस विचारून ठेवावें कीं ताप गेल्यावर गोळ्या किती दिवस, आणि तो परतला तर कोणत्या वेळीं, कोठें आणावयाचें.