वेण्णेच्या डोहातला जेलीफिश

गोड्या पाण्यातला जेलीफिश सह्याद्रीत मधूनच कुठेतरी दिसतो, त्याची बातमी होते आणि मग काही वर्षे त्याचे नावही निघत नाही. लिम्नोक्निडा इंडिका हे त्याचे शास्त्रीय नाव. दुर्मीळ जीव पुन्हा सापडल्याचा आनंद मोठाच असतो. पण मधल्या वर्षांत तो खरोखर नव्हता, की कुणी पाहायला गेले नव्हते, हे आधी विचारले पाहिजे.

त्याची पहिली ओळख पटली ती आपल्या कोल्हापूरजवळच्या सातारा जिल्ह्यात. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवणारे शंकर पुरुषोत्तम आघारकर यांना तो सह्याद्रीतल्या नदीत आढळला. कोलकात्याच्या इंडियन म्युझियममधील नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी 1911 मध्ये त्याला नाव दिले. त्याचे भाऊबंद तोवर टांगानिकासारख्या आफ्रिकेतल्या पाण्यातच माहीत होते, त्यामुळे कृष्णेच्या उपनद्यांत तो निघावा याचे अभ्यासकांनाही नवल वाटले. अ‍ॅनंडेल पुढे 1916 साली स्थापन झालेल्या भारतीय प्राणिसर्वेक्षण विभागाचे पहिले संचालक झाले. मालवणात जन्मलेले आघारकर पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून नावाजले. पुण्यातील आघारकर संशोधन संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

तेव्हाच्या कामाची पद्धत आजही शिकण्यासारखी आहे. आघारकर एका नमुन्यावर थांबले नाहीत. एफ. एच. ग्रेव्हली यांच्यासोबत 1912 मध्ये त्यांनी या जीवाच्या सवयी आणि त्याचा आढळ यांवर स्वतंत्र टिपण लिहिले. वेण्णेकाठचे मेढा, कोयनेकाठचे तांबी अशी ठिकाणे नावानिशी नोंदवली. नदीची धार उन्हाळ्यात आटते आणि पात्रात डोह उरतात, त्या डोहांत हे जेलीफिश तरंगताना मिळाले. आता कोयनेवर धरण आहे, वेण्णेवर कण्हेरचे धरण आहे. पात्राचे जुने रूप कसे होते, हे सांगायला अशा नोंदीच उरतात.

हा जीव नजरेतून निसटतो त्याचे कारण त्याच्या आयुष्यक्रमात आहे. आपण ज्याला जेलीफिश म्हणतो ती त्याची पोहणारी अवस्था. या गटातल्या जीवांची दुसरी अवस्था दगडाला किंवा बुडालेल्या काटकीला चिकटून राहते. ती जेमतेम मिलिमीटरभर, त्यामुळे मुद्दाम शोधल्याशिवाय दिसतच नाही. पाणी तापले आणि परिस्थिती जुळली की तिच्यापासून छत्र्या सुटतात, काही आठवडे सूक्ष्म प्राणी खात तरंगतात आणि नाहीशा होतात. एखाद्या वर्षी त्या सुटतही नाहीत. रुपयाच्या नाण्याएवढी, जवळपास पारदर्शक छत्री संथ पाण्यातही पटकन डोळ्यांत भरत नाही. माणसाला तिच्यापासून धोका नाही.

ओळख पटवण्यातही घाई नको. क्रास्पेडाकुस्टा नावाचा दुसरा गोड्या पाण्यातला जेलीफिश 1880 मध्ये लंडनमधील एका कमळाच्या टाकीत सापडला. मूळचा चीनमधला हा जीव पाणवनस्पतींबरोबर जगभर पसरला, भारतातही पोहोचला. वरवर पाहता दोघे सारखेच. फरक आतमध्ये आहे. क्रास्पेडाकुस्टाच्या छत्रीत मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या नलिकांवर प्रजननग्रंथी लोंबतात, लिम्नोक्निडात त्या मधल्या रुंद मुखनलिकेच्या भिंतीवर असतात. मोबाइलवरच्या धूसर चित्रफितीत हे कळणार नाही. आपला जुना रहिवासी परतला, की नवा पाहुणा आला, हे नमुना हातात आल्याशिवाय ठरवता येत नाही.

कोल्हापूरशी याचा संबंध सरळ आहे. पंचगंगा नरसोबावाडीला कृष्णेला मिळते. दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी यांचे पाणीही अखेर कृष्णेतच जाते. म्हणजे ज्या खोऱ्यात हा जीव प्रथम सापडला त्याच खोऱ्यात आपण राहतो. हिरण्यकेशीच्या आंबोलीतल्या उगमाशी 2020 मध्ये माशाची नवी जाती जाहीर झाली आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरली. आपल्या वरच्या अंगाच्या पाण्यात अजून काय काय आहे, याची यादी पूर्ण झालेली नाही. खाली मात्र नदीचे रूप पालटले आहे. पावसाळा सरला की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बरगे बसतात, पाणी तुंबते. त्याने शेती उभी राहिली हे खरेच. पण त्याच साचलेल्या पाण्यात सांडपाणी आणि कारखान्यांची मळी मिसळली की मासे तडफडून वर येतात, हे पंचगंगेने वारंवार दाखवले आहे. जिथे मासा टिकत नाही, तिथे इतका नाजूक जीव शोधण्यात अर्थ नाही. शोध घ्यायचा तर शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या तालुक्यांतल्या वरच्या डोहांत घ्यायला हवा.

या कामाला मोठा निधी लागत नाही. शिवाजी विद्यापीठ आणि या तालुक्यांतली महाविद्यालये यांनी डोह वाटून घ्यावेत आणि एप्रिल-मे महिन्यांत ठरलेल्या दिवशी तिथे जावे. पाण्याचे तापमान, खोली, तारीख टिपावी. रोज जाळे टाकणाऱ्या मच्छीमाराला आधी विचारावे आणि त्याने दाखवले तर नोंदीत त्याचे नाव लिहावे. जेलीफिश दिसला नाही तर तेही लिहावे. सलग दहा उन्हाळे ‘दिसला नाही’ असे लिहिलेली वही हाती असेल, तरच अकराव्या वर्षी तो दिसल्यावर पुनर्शोध हा शब्द वापरता येईल.