चोर सोडून संन्याशाला सुळी

व्हिडिओ गेमची चोरटी प्रत काढणे ही चोरीच होय. याबाबत आम्ही कोणाची भीड धरीत नाही. वर्षानुवर्षे खपून ज्यांनी खेळ रचला, त्यांच्या श्रमाचे मोल बुडविणाऱ्यास कायद्याने अवश्य शासन करावे. परंतु चोराच्या बंदोबस्ताचे निमित्त करून, ज्याने रोख दाम मोजून माल घेतला त्यालाच जखडून टाकावे, हा कोणत्या गावचा न्याय?

युबिसॉफ्ट ही फ्रान्समधील बडी कंपनी. तिचा ‘असॅसिन्स क्रीड २’ हा खेळ मार्च २०१० मध्ये घरगुती संगणकासाठी विक्रीस आला, तो एका अटीसह: खेळणाराचा संगणक इंटरनेटद्वारे कंपनीच्या यंत्राशी अखंड जोडलेला हवा, जोड तुटली की खेळ थांबला. त्याच महिन्यात कंपनीच्या यंत्रांवर हल्ला झाला आणि पावती खिशात असलेले ग्राहक बंद दारापुढे तिष्ठत राहिले. कुलूप फोडणाऱ्यांनी ते पुढे फोडलेच. म्हणजे चोरट्या प्रतीला अट नाही, विकतच्या प्रतीला मात्र आहे! देवळातील दानपेटी फुटली म्हणून दर्शनास येणाऱ्या प्रत्येकाची झडती घ्यावी आणि चोराने मागल्या भिंतीवरून खुशाल जावे, त्यांतलाच हा प्रकार. ती अट सोडल्याचे कंपनीने २०१२ साली सांगितले. शहाणपण आले, पण ग्राहकाच्या खर्चाने.

“मग आम्ही करावे तरी काय?” असे कंपन्यांचे कैवारी विचारतात. पोलंडमध्ये पाहावे. तेथे चोरट्या प्रती भर बाजारात राजरोस विकल्या जात. सीडी प्रोजेक्ट या कंपनीने १९९९ साली ‘बाल्डर्स गेट’ हा परदेशी खेळ पोलिश भाषेत आणला. नामांकित नटांचे आवाज घातले. पेटीत नकाशा, पुस्तिका आणि संगीताची तबकडी दिली. चोराला जे देता येणार नाही ते दिले, आणि लोकांनी पैसे मोजून ते घेतले. (याच कंपनीने पुढे ‘विचर २’ वरून जर्मनीत संशयितांना पैसे मागणारी वकिली पत्रे धाडली! निष्ठावंत ग्राहक दुखावले, तेव्हा जानेवारी २०१२ मध्ये तो उद्योग तिला थांबवावा लागला.)

आता कायद्याचे. आमच्या १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमात २०१२ साली कलम ६५-अ आले. संरक्षक कुलूप चुकविणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. परंतु हक्कभंगाचा हेतू असला तरच. हा हेतूचा शब्द मोलाचा आहे. युबिसॉफ्टनेच २०१४ साली विकलेला ‘द क्रू’ हा खेळ, ३१ मार्च २०२४ रोजी तिने आपली यंत्रे बंद करताच, घेणाऱ्यांच्या हाती कवडीमोल झाला. अशा ग्राहकाने स्वतःच्या पैशाचा खेळ चालू राहावा म्हणून कुलूप काढले, तर त्यास चोर म्हणावयाचे काय? कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून, ग्राहकाच्या हाती कायम न राहणारा असा डिजिटल माल ‘विकत घ्या’ म्हणून खपविणाऱ्याने, हा केवळ परवाना आहे, असे आधी स्पष्ट सांगावे लागते. तेथे जे सांगणे भाग पडते, ते आमच्या ग्राहकास सांगावयास या कंपन्यांना कोणती अडचण आहे?