डोंगरधारेवरची जयंती

जयंतीला सभागृह हवेच. पण एप्रिलमधला एक दिवस आपण डोंगरालाही द्यावा, असे आम्हांस वाटते. पीक डिस्ट्रिक्टमधील माम टॉर ते लूज हिल ही डोंगरधार वाटाड्यासोबत, मुलाबाळांसह दिवसभरात चालता येते (पाऊस गृहीतच धरावा). उत्तरेला किंडर स्काउट दिसतो. २४ एप्रिल १९३२ रोजी तेथे कामगार तरुण जमीनदारांची बंदी मोडून चढले. पाच जणांना तुरुंगवास झाला. हे वाटाड्या सांगेल. महाड मात्र आपणच सांगायचे. तिथे आड आली मालकी, १९२७ साली चवदार तळ्यावर जात. दोन्ही एक नव्हेत. मालकी पैशाने हलते, जात जन्मालाच चिकटवलेली. इथे वाढणाऱ्या मुलांना हा फरक भाषणापेक्षा त्या वाटेवर, हातात पाण्याची बाटली असताना, अधिक नेमका कळेल.