झाडावरची गाठ आधी फोडून बघा

घरात तान्हे मूल आले की बाळगुटीची पुरचुंडी निघते. हिरडा, वेखंड, सुंठ, जायफळ आणि त्यातच एक गोल, टणक, खडबडीत मायफळ. नावात फळ आहे म्हणून आपण त्याला फळ समजतो. ते फळ नव्हेच! इराण, तुर्कस्तानकडे होणाऱ्या ओक झाडाच्या कोवळ्या फांदीत मुंगीएवढी एक माशी अंडे घालते आणि त्या अंड्याभोवती झाड जी गाठ वाढवते, ते मायफळ. गुटीतली काकडशिंगीही तशीच. हिमालयाकडच्या एका झाडावर माव्याने केलेली ती पोकळ गाठ. म्हणजे झाडावरच्या गाठी आपल्या आया-आज्या पिढ्यान्पिढ्या सहाणेवर उगाळत आल्या, फक्त त्या गाठी आहेत हे कोणी सांगितले नाही.

जाणकार काष्ठौषधीवाला मायफळ हातात घेतले की आधी त्याला भोक आहे का ते बघतो. भोक नसलेले जड आणि कसदार. भोक पडलेले हलके, कारण आतली माशी केव्हाच बाहेर पडून गेली. एवढी एक गोष्ट मला वेळेवर समजली असती, तर एका शेतकऱ्याचे पैसे वाचले असते.

कृषी पदविका घेऊन नुकताच खात्यात रुजू झालो होतो तेव्हाची गोष्ट. एका म्हाताऱ्या बाबांच्या वाडीत आंब्याची आठ-दहा झाडे होती. पानांवर ज्वारीच्या दाण्याएवढे फोडच फोड. बाबा म्हणाले, "साहेब, देवी आल्यावानी पानं झाली जी." मी झाडाखाली उभा राहूनच पाहिले, कीड आहे म्हणालो आणि पंधरा दिवसांच्या अंतराने दोन फवारण्या लिहून दिल्या. बाबांनी पंप भाड्याने आणला, मजूर लावला, औषध आणले. महिन्याने मी पुन्हा गेलो तेव्हा म्हणाले, "दोनदा फवारलं जी. फोड काही हालले नाही." मग मी एक पान तोडले आणि ब्लेडने फोड चिरला. आत काहीच नव्हते. दुसरा चिरला, तोही रिकामा. नीट पाहिले तर प्रत्येक फोडाला टाचणीच्या टोकाएवढे भोक. ती बारीक माशी आधीच उडून गेली होती आणि आम्ही रिकाम्या घरावर औषध मारत बसलो होतो. बाबा मला काही बोलले नाहीत. चहा दिला. तो चहा घशाखाली उतरत नव्हता.

शेतकरी बंधू-भगिनींनो, आज तर काम आणखी सोपे झाले आहे. मोबाईलवर फोटो येतो, खाली एक ओळ असते, "साहेब, काय मारू?" पाच मिनिटांत उत्तर नाही गेले की तेच पान कृषी केंद्राच्या टेबलावर जाते आणि तिथून बाटली घरी येते. माझे स्पष्ट मत आहे की झाडावरच्या गाठीचे उत्तर फोटोवरून देऊ नये आणि घेऊही नये. गाठ फोडून पाहिल्याशिवाय फवारायचे नाही, झाड तोडायचे नाही, आणि दुर्लक्षही करायचे नाही.

गाठ म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ. कीड पान कुरतडते तेव्हा पान कमी होते. गाठ करणाऱ्या किडीचे उलटे आहे. ती झाडालाच कामाला लावते. तिच्या अंड्यामुळे किंवा अळीच्या लाळेमुळे त्या जागच्या पेशी भराभर वाढतात आणि झाड स्वतःच्या खर्चाने तिला घर बांधून देते, आतून खायला घालते. हे काम माश्या करतात, डोळ्यांना न दिसणारे कोळी करतात, फुलकिडे, मावा, सूत्रकृमी, बुरशी आणि जिवाणूही करतात. ज्याची त्याची गाठ वेगळी. कुंभाराच्या मडक्यावरून कुंभार ओळखावा तसे गाठीच्या आकारावरून करणारा बरेचदा ओळखता येतो.

दुसरी महत्त्वाची गोष्ट. गाठ करणाऱ्या बहुतेक किडींचे झाड ठरलेले असते. मागे एका गावात धुऱ्यावरचा चांगला डेरेदार करंज तोडलेला दिसला. का तोडला म्हणून विचारले तर म्हणे, पानांवर फोड होते, रोग बांधीतल्या धानात उतरला असता. करंजाच्या पानावर बोटासारख्या उभ्या गाठी येतात त्या एका सूक्ष्म कोळ्याच्या. तो कोळी करंजावरचा. तो धानावर येत नाही, तुरीवर येत नाही. करंजाची सावली गेली, बिया गेल्या, पेंड गेली आणि धानाला मिळाले काहीच नाही. एका गैरसमजापायी वीस वर्षांचे झाड गेले.

आपल्याच शिवारात जरा फिरून बघा. उंबराच्या पानांवर गाठी दिसतात, त्या सायला किडीच्या. संत्र्यावर जी सायला येते तिच्या जातकुळीतली, पण उंबराची वेगळी. नांदरुकाचे पान मधोमध दुमडून शेंगेसारखे झाले असेल तर उघडून बघा, काळे फुलकिडे धावताना दिसतील. बोरीच्या काडीवर कळ्यांच्या जागी गुठळ्या दिसल्या तर ते कोळ्याचे काम असते. उंबराच्या फळाचे तर नवलच आहे. उंबरात किडे असतात म्हणून आपण नाक मुरडतो, पण त्या चिलटांएवढ्या माश्या आतल्या काही फुलांच्या गाठी करून त्यात वाढतात आणि बाहेर पडताना परागकण घेऊन जातात. त्या नसत्या तर उंबराला बी धरले नसते. सगळ्या गाठी झाडाच्या वैरी नसतात, तो हा दाखला.

जिथे गाठ नुकसान करते तिथे मात्र गय करू नये. येनाच्या पानावर सायलाच्या गाठी दाटल्या की टसरच्या अळ्या ती पाने नीट खात नाहीत. आपल्या भागात येन आणि अर्जुनावर कोसा घेणाऱ्या भावांना हे ठाऊक आहे. तिथे फवारणी केली तर रेशमाची अळीच मरेल. म्हणून गाठी कोवळ्या असतानाच, अळ्या झाडावर सोडण्याआधी, ती पाने तोडून नष्ट करणे हाच शहाणपणा.

आणि आपल्या धानाची गादमाशी! भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या शेतकऱ्याला ती नवी नाही. डासासारखी दिसणारी ही माशी रात्री फिरते. तिची अळी फुटव्याच्या कोंबापाशी जाऊन बसते आणि पानाऐवजी कांद्याच्या पातीसारखा पोकळ नळ वर येतो. तोच चंदेरी पोंगा. त्या फुटव्याला लोंबी धरत नाही. हा पोंगाही एक गाठच आहे, हे आपण विसरतो. पोंगा लांब होऊन दिसू लागला म्हणजे आतली कीड बाहेर पडायच्या बेतात असते. टोकाशी भोक आणि त्यात अडकलेली कोषाची कात दिसली तर पाखरू गेलेच समजा. त्या फुटव्यासाठी आता काही करता येत नाही, उरलेल्या फुटव्यांचा विचार करायचा.

म्हणून पोंगा उपटून उभा चिरा. आत लालसर अळी किंवा कोष असेल तर कीड वाढती आहे. पण कधी कधी अळीच्या पोटात बारीक कोषांचा पुंजका ठासून भरलेला दिसतो. ते आपले मित्र. प्लॅटिगॅस्टर नावाची अतिसूक्ष्म गांधीलमाशी गादमाशीच्या अंड्यातच आपले अंडे घालते आणि एका अळीतून तिची कितीतरी पिल्ले निघतात. असे पोंगे जाळू नका. दर १० चौरस मीटरला एक या प्रमाणात ते बांधीत सोडायचे असतात. मित्रासकट घर जाळायचे आणि मग औषधाला पैसे मोजायचे, हा उलटा कारभार आपण थांबवला पाहिजे. देवधानावरही ही कीड राहते, तेव्हा बांधीतले आणि बोडीकाठचे देवधान रोवणीपूर्वी काढलेले बरे.

मुळांचेही तेच. हरभरा, लाखोळी, सोयाबीन उपटले की मुळांवर गाठी दिसतात आणि नवा शेतकरी घाबरतो. त्या गाठी बोटाने सहज निघतात, चिरल्या तर आतून गुलाबी दिसतात. त्या नत्र देणाऱ्या जिवाणूंच्या, म्हणजे फुकटचे खतच. टोमॅटो, वांगी, भेंडीच्या मुळांवरची गाठ मात्र निघत नाही, मूळच सुजलेले असते. ती सूत्रकृमीची. त्या वाफ्यातली रोपे दुसरीकडे लावली की आजार आपल्याच हाताने पसरतो.

गाठ कशी ओळखावी?

यासाठी पदवी लागत नाही, पदविकाही लागत नाही. एक ब्लेड, एक दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि एक वही पुरे. झाड कोणते, गाठ पानावर की देठावर, पानाच्या वर की खाली, गुळगुळीत की केसाळ, भोक आहे की नाही, तारीख कोणती, एवढे लिहावे. मग चिरून आत काय आहे ते पाहावे. भोक नसलेल्या चार-पाच गाठी काचेच्या बरणीत कागदाच्या तुकड्यावर ठेवाव्या, तोंडाला धोतराचे फडके बांधावे आणि पंधरा दिवस रोज बघावे. जे बाहेर येईल तेच गाठीचे मालक असेल असे मात्र नाही. कधी पोटभाडेकरू निघतो, कधी मालकाला खाऊन बसलेला निघतो. म्हणून बरणीत एक पाखरू दिसले की लगेच निकाल देऊ नये. पुष्कळ गाठी पाहाव्या, मग बोलावे.

आपल्या देशातल्या गाठींवर एम. एस. मणी यांनी १९७३ मध्ये 'प्लांट गॉल्स ऑफ इंडिया' हा मोठा इंग्रजी ग्रंथ लिहिला. असे ग्रंथ ग्रंथालयात असतात. गावच्या झाडांची वही गावातच तयार व्हायला हवी. जिल्हा परिषदेच्या शाळांतील गुरुजींना माझी विनंती आहे, पावसाळ्यात एक दिवस पोरांना धुऱ्यावर न्या. प्रत्येकाने एक गाठ आणायची, फोडायची, चित्र काढायचे. दोन वर्षांत त्या वहीत तुमच्या गावची अशी माहिती जमेल की आम्हा विस्ताराच्या माणसांनाही ती मागून न्यावी लागेल.

आमच्या खात्यालाही एक सांगणे आहे. बैठकीत आम्हाला औषधांची नावे पाठ करायला लावतात, ते ठीक. पण प्रत्येकाच्या पिशवीत एक भिंग आणि एक ब्लेड असलेच पाहिजे, असा आग्रह कोणी धरत नाही. तो धरायला हवा.

त्या बाबांची आंब्याची झाडे अजून उभी आहेत. पाने अजून फोडांची आहेत आणि आंबेही लागतात. गेल्या वर्षी गेलो तेव्हा बाबांनी स्वतःच एक पान तोडून माझ्या हातात दिले. म्हणाले, "आधी फोडून पाय, साहेब. मंग सांग."